दिवाळीत गोठा अन् कुत्रं कोण बघणार, ते आत्ताच ठरवा

पितृपक्ष सरत आला. नवरात्र, मग दसरा, अन् दसऱ्यापासून वीस दिवसांत दिवाळी. सोयाबीनची काढणी, कांद्याची रोपं, टोमॅटोचे शेवटचे तोडे, या सगळ्या गडबडीत दिवाळीचा विचार कोणी आत्ता करत नाही हे मला माहीत आहे. पण आज पिकाची नोंद न टाकता दुसऱ्याच विषयावर लिहितोय. सणाला घर बंद करून चार दिवस बाहेर जायचं तर मागे जनावरं अन् दारातलं कुत्रं कोण बघणार, आणि त्याला काय द्यायचं? माझं मत सरळ आहे. माणूस महिनाभर आधी ठरवा, त्याला रोख पैसे द्या, अन् सणाच्या दिवसाचे जास्त द्या. फुकट सांभाळून घेणं बंद करा.

माझा पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. त्याच्याकडे लॅब्राडोर जातीचं कुत्रं आहे. मागल्या दिवाळीत ते नवरा-बायको, पोरं सहा दिवस फिरायला गेली, तर कुत्रं बोर्डिंगमध्ये ठेवलं. बोर्डिंग म्हणजे कुत्र्यांचं वसतिगृह म्हणा. दिवसाला ८०० रुपये, दिवाळीचे म्हणून वर दिवसाला १५० रुपये, अन् घरून न्यायचे-आणायचे ६०० रुपये. सहा दिवसांचे मिळून ६,३०० रुपये. त्यातले ३,००० रुपये त्याने दोन महिने आधीच भरले होते, कारण दिवाळी, नाताळ अन् मे महिन्यात जागाच मिळत नाही म्हणे. लस टोचल्याचं कार्ड दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत. रेबीजची लस, बाकीच्या रोगांची लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध, सगळं लिहिलेलं पाहिजे. लस जायच्या आदल्या दिवशी टोचून चालत नाही, निदान दोन-तीन आठवडे आधी पाहिजे, तिचा असर व्हायला वेळ लागतो. माजावर आलेली कुत्री बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. आणि पहिल्यांदा ठेवायचं असेल तर आधी एक रात्र ठेवून बघतात, खातंय का, रडतंय का ते.

हा हिशेब मी पारावर सांगितला तेव्हा लोक पोट धरून हसले. कुत्र्याला ६,३०० रुपये! एकजण म्हणाला, एवढ्यात माझं म्हातारं तीर्थयात्रा करून येईल. मला काही हसू आलं नाही. एक तर त्यातला एकही नियम येडपटपणाचा नाही. दुसरं म्हणजे, जे कुत्रं एक पैसा कमवत नाही त्याची सोय शहरातला माणूस दोन महिने आधी करतो, आगाऊ पैसे भरून. आणि आपल्या दावणीला लाखभर रुपयांची गाय उभी असते, तिची सोय आपण निघायच्या आदल्या रात्री शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून करतो. "जरा चार दिवस बघ रे आमच्या गाया." अन् परत आल्यावर त्याच्या हातात अर्धा किलोचा मिठाईचा पुडा.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, बाजरीची भाकरी अन् गवारीची भाजी खातो. अन् भाऊबीजेला तीच गाय कोणाच्या तरी भरवशावर सोडतो. हे मला पटत नाही.

आता कोणी म्हणेल, गावात असंच चालत आलंय, पैशाची भाषा कशाला? त्यावर थोडं सविस्तर बोलतो. पूर्वी सावड होती. तुझा एक दिवस, माझा एक दिवस. तू माझ्या भुईमुगाला ये, मी तुझ्या पेरणीला येतो. ती टिकली कारण दोन्हीकडचं काम साधारण सारखं होतं. प्रत्येकाच्या दारात एक बैलजोडी, एखादी गावठी गाय. ती गाय कोणीही पिळावी, दोन-तीन लिटर दूध, रानात चरून यायची. आज माझ्या गोठ्यात सहा एचएफ आहेत, चार दुभत्या. शेजाऱ्याकडे दोन शेळ्या. त्याने माझे चार दिवस सांभाळायचे अन् मी त्याच्या शेळ्यांना चार दिवस पाला टाकायचा, ही काही सावड झाली नाही. त्याचे पहाटे पाच ते आठ अन् संध्याकाळी पाच ते आठ, रोज सहा तास जातात. ते पण दिवाळीत, जेव्हा त्याच्या घरी पोरंबाळं, लेकी, जावई आलेले असतात. त्याचंही पहिल्या आंघोळीचं पाणी चुलीवर असतं अन् तो तुमच्या गाईच्या कासेखाली बसलेला असतो. तोंडाने तो काही बोलणार नाही. पण पुढच्या वर्षी त्याच्या अंगात नेमका तेव्हाच ताप भरतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

पैसे दिले की नातं तुटतं असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. पैसे दिले की माणूस विचारतो, "दादा, काळीला आंबोण किती?" फुकटात करणारा विचारत नाही, अन् आपल्यालाही त्याला चार गोष्टी ठासून सांगायला तोंड राहत नाही.

आणि सांगायच्या गोष्टी बऱ्याच असतात. संकरित गाईचं काम अर्धवट माहितीवर चालत नाही. पहिली गोष्ट धारेची. नवा माणूस बसला की गाय पान्हा चोरते. जनावर बिचकलं की त्याच्या अंगात ॲड्रेनालिन सुटतं, अन् पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन काम करत नाही. मग दूध कासेत राहतं, अन् दोन-तीन दिवसांत दगडीची तक्रार सुरू. म्हणून माणूस आधी आठवडाभर आपल्यासोबत गोठ्यात पाहिजे. पहिले दोन दिवस नुसता उभा राहू दे, वैरण टाकू दे. मग आपण शेजारी असताना त्याने धार काढायची. मशीन असेल तर कोणत्या गाईला किती मिनिटं लावायचं, सड कोरडे करून लावायचं, काढल्यावर सड औषधात बुडवायचे, हे हाताने करून दाखवायचं. लाईट गेली तर हाताने काढता येते का, हेही बघून घ्या. दिवाळीत लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

दुसरी गोष्ट खाण्याची. आमच्या शेजारच्या गावात एका दिवाळीत चांगली पंधरा लिटरची गाय गेली. मालक बाहेर. सांभाळणारी बाई मायाळू. तिने सणाचा उरलेला भात, पुरणपोळ्या, भज्याचं पीठ, सगळं पाटीभर करून गाईला घातलं. तिच्या मनात पापच नव्हतं, सणाचा घास मुक्या जनावराला दिला. पण एवढं शिजवलेलं पीठ-भात एकदम पोटात गेलं की त्याचं भराभर आम्ल होतं, रवंथ बंद पडतं, पातळ घाण टाकते अन् गाय बसते. डॉक्टर संध्याकाळी मिळाले तोवर उशीर झाला होता. दिवाळी अन् लग्नसराईत हे दरवर्षी कुठे ना कुठे घडतं, पशुवैद्यक मित्रांना विचारा. म्हणून घरातलं उरलंसुरलं जनावराला घालायचं नाही, हे वाक्य सांभाळणाऱ्याकडून तीनदा वदवून घ्या. कुट्टी, मुरघास, पेंड, जे रोज चालू आहे तेच, तेवढंच. मी प्रत्येक गाईची पेंड दिवसावार पिशवीत भरून, वर नाव टाकून ठेवतो. मापाचा डबा ठेवला की डब्याला टेंगूळ येतं, हाही अनुभव आहे.

कुत्र्याचंही तेच. दिवाळीचं चॉकलेट कुत्र्याला विषारी. मनुका अन् द्राक्षंही. आमचा भाग द्राक्षाचा, पोरं कौतुकाने मणी टाकतात कुत्र्यापुढे. टाकू नका.

कुत्र्याबद्दल आणखी सांगतो, कारण त्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो, किंवा होतच नाही. "त्याला काय, भाकरी टाकली की झालं." आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्या, पण खरा वाघ आला तर काय होणार ते सांगायला नको. इकडे जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड, नाहीतर पलीकडे अकोले, संगमनेर, सगळीकडे उसात बिबट्या आहे. अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. घर बंद, अंगणातला दिवा बंद, माणसाची चाहूल नाही, अन् कुत्रं खुंट्याला साखळीने बांधलेलं. हे बिबट्याला ताट वाढून ठेवणं आहे. साखळीमुळे त्याला पळताही येत नाही. आणि कुत्र्याला आलेला बिबट्या तिथेच कालवडही बघून जातो. सांभाळणारा रात्री झोपायला येणार नसेल तर कुत्रं रात्री जाळीच्या बंद गोठ्यात, दाराला आतून कडी, अन् बाहेर दिवा चालू. माझ्या मते रात्रीचा मुक्काम ठरवूनच घ्यावा अन् त्याचे वेगळे पैसे द्यावेत.

फटाक्यांचं तर विचारू नका. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. लक्ष्मीपूजन अन् पाडव्याच्या संध्याकाळी घाबरून पट्टा तोडून पळालेली कुत्री मग दोन-दोन गावं लांब सापडतात, काही सापडतच नाहीत. सूर्य मावळायच्या आत त्याला खायला घालून, हागवून-मुतवून आत घ्यायचं, अन् रेडिओ लावून ठेवायचा. मालक समोर नसला की ते जास्तच घाबरतं.

आणि ओळख. जे कुत्रं तुमच्या मागे रात्री गोठ्यात परक्याला येऊ देत नाही, तेच पहाटे पाचला धारेला आलेल्या माणसाची पिंढरी धरणार. तो त्याचा गुण आहे, दोष नाही. म्हणून त्या आठवडाभरात कुत्र्याची भाकरी त्याच माणसाच्या हातून पडली पाहिजे. रेबीजची लस दरवर्षीची, ती महिनाभर आधी टोचून घ्या. तरी चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही भरायचं नाही, अन् त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यायची. सरकारी दवाखान्यात ती फुकट असते. सांभाळणाऱ्याला हे लिहून द्या, अन् गाडीभाड्याचे पैसे त्याच्याकडे ठेवा. कुत्रं तुमचं, तर जबाबदारी तुमची.

पैशाचं बोलू. आमच्या वाडीवरचा एक पोरगा आहे, वय पंचवीसच्या आसपास, हात हलका, जनावराची आवड. तो आता आमच्या पाच घरांचा ठरलेला माणूस झालाय. माझ्या गोठ्याला साध्या दिवसाचे ७०० रुपये, सणाच्या दिवसाचे १,०००, रात्री मुक्काम केला तर २०० वर, अन् रोज एक लिटर दूध त्याच्या घरी. कुत्र्याचे पैसे यातच धरलेत, पण ज्यांच्या घरी गाय नाही, नुसतं कुत्रं आहे, त्यांच्याकडून तो दिवसाला १०० घेतो अन् दोन वेळा जाऊन येतो. अर्धे पैसे आधी, अर्धे परत आल्यावर. आम्ही जाणं रद्द केलं तर आधी दिलेले त्याचेच. यावर आमच्यात वाद झाला, पण मी म्हणालो, त्याने तुमच्यासाठी दुसऱ्याला नाही म्हटलं असेल ना? शेवटी पटलं. याशिवाय डॉक्टरसाठी म्हणून २,००० रुपये वेगळ्या पाकिटात त्याच्याजवळ असतात. जनावर आजारी वाटलं की आम्हाला न विचारता डॉक्टर बोलवायचा. फोन लागत नाही म्हणून वाट बघत बसायचं नाही. दुखणं त्याच्या हयगयीने नसेल तर त्याचा एक रुपया कापायचा नाही. हे सगळं वहीच्या पानावर लिहून, दोघांच्या सह्या करून, गोठ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेलं असतं. त्याच पानावर डॉक्टरचा नंबर, डेअरीवाल्याचा नंबर, कोणती गाय गाभण, कोणती माजावर येण्याची तारीख.

एकच पोरगा पाच घरं कशी बघतो? पाळी लावून. आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते, मग पाचही घरांनी नेमकं भाऊबीजेच्याच दिवशी कुलूप लावायची गरज काय? नवरात्रात बसून पाळ्या ठरतात. कोणी पाडव्याला संध्याकाळी निघतो, कोणी पांडवपंचमीनंतर. दरवर्षी पाळी एक घर पुढे सरकते, म्हणजे ऐन भाऊबीज प्रत्येकाला कधीतरी मिळते. पोराची स्वतःची भाऊबीज राहू नये म्हणून त्याचा एक दिवस आधी काढून ठेवतो, त्या दिवशी पाचातलं कोणीही गाव सोडत नाही. लग्नसराईत तिथी सगळ्यांची एकच असते, तिथे मात्र ओढाताण होते, तो प्रश्न अजून सुटलेला नाही. वारीला जाणारे दोघं आहेत, आळंदीहून पंढरपूर म्हणजे तीन आठवडे धरा. त्यांचं ज्येष्ठातच ठरवावं लागतं, अन् तेव्हा पेरणीची मजुरी चढलेली असते, म्हणून दर जास्त.

आणखी एक गोष्ट, ही गाया पाळणाऱ्यांनी डोक्यात ठेवावी. गाय २८० दिवसांच्या आसपास विते. म्हणजे संक्रांतीच्या पुढेमागे भरवलेली गाय ऐन दिवाळीत विणार. विणारी गाय परक्याच्या हाती सोडून जायचं नाही, दुप्पट पैसे दिले तरी नाही. तेव्हा दिवाळीला बाहेर जायचंच असेल तर तयारी जानेवारीतच सुरू होते. आणि तेव्हा गाय आटलेली असेल, विण्याला महिना-दीड महिना अवकाश असेल, तर सांभाळणाऱ्याचंही काम हलकं.

हे सगळं मी का लावून धरलंय? कारण फुकटची सोय कधीच फुकट नसते, तिचे पैसे घरातलं कोणीतरी भरत असतं. बहुतेक घरांत ती बाई असते. शेजारी नाही म्हणाला की "तू थांब, आम्ही जाऊन येतो." माहेर वीस किलोमीटरवर, पण भाऊबीजेला मुक्काम नाही, का तर संध्याकाळची धार. आमच्या घरातही बरीच वर्षं भाऊच इकडे यायचा, ओवाळून घ्यायचा अन् उन्हं उतरायच्या आत परत. गेल्या तीन वर्षांत ती दोन-दोन दिवस राहून येते. माझ्या मते त्या पोराच्या पैशातला सगळ्यात वसूल झालेला भाग हाच. ज्या घरात बाई नाही थांबत तिथे म्हातारे थांबतात. सत्तर वर्षांचा माणूस पहाटेच्या थंडीत चार गाया आवरतो अन् पोरं गोव्याचे फोटो पाठवतात.

आता कृषी अन् पशुवैद्यक खात्यातल्या मित्रांसाठी दोन ओळी. तुम्ही दूध धंद्याचा हिशेब काढून देता, बँकेचा प्रकल्प अहवाल करून देता. त्यात वैरण, पेंड, औषध, विमा, व्याज, मजुरी सगळं असतं. सुट्टीच्या बदली माणसाची ओळ मी अजून एकाही अहवालात बघितली नाही. गाय ३६५ दिवस आहे, मग माणूस पण ३६५ दिवस धरला जातो. माझा हिशेब असा. वर्षाला बारा दिवस बदली माणूस, सण अन् साधे दिवस, मुक्काम धरून सरासरी ९०० रुपये, म्हणजे १०,८०० रुपये. माझं दूध वर्षाचं सरासरी रोज ४० लिटर, म्हणजे १४,६०० लिटर. लिटरमागे ७४ पैसे पडले. फॅट एका पॉइंटने घसरली तरी एवढा फरक पडतो, अन् त्याला आपण नशीब म्हणून गप्प बसतो. ७४ पैशांत घरच्या सगळ्यांना बारा दिवस मोकळे मिळत असतील तर ते महाग नाही. फिनलंड देशात जनावरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला २६ दिवस सुट्टी कायद्यानेच आहे, बदली माणूस सरकारी व्यवस्थेतून येतो. आपल्याकडे ते कधी व्हायचं तेव्हा होईल. पण दूध संस्थेने गावातली दोन-तीन पोरं धार, मशीन अन् प्रथमोपचार शिकवून तयार ठेवली, त्यांची यादी डेअरीच्या भिंतीवर लावली, तर त्याला कोणत्या कायद्याची गरज नाही. पोरांनाही सणासुदीला चार पैसे मिळतील.

यंदा आमची पाळी पांडवपंचमीनंतरची आहे. पोराला १,५०० रुपये आगाऊ दिलेत. दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून तो संध्याकाळच्या धारेला येणार आहे, कारण एक गाय नवीन आहे अन् ती डाव्या बाजूने कोणाला बसू देत नाही. वाघ्याची लस या गुरुवारी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचून घेणार आहे. आमच्या वस्तीवरून कोणाचं कुत्रं न्यायचं असेल तर बुधवारी रात्रीपर्यंत सांगा, पिकअपमध्ये जागा आहे. तोंडाला बांधायला फडकं अन् मजबूत दोरी ज्याची त्याने आणावी.